गांजाचा परवाना कोण देणार?

ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. कुठल्याही पिकाला भाव नाही, उसाचे पैसे कारखान्याकडून वेळेवर मिळत नाहीत, तेव्हा दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी द्यावी, अशी त्याची मागणी होती. अर्जाच्या शेवटी त्याने मुदतही घातली होती. १५ सप्टेंबरपर्यंत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरून १६ सप्टेंबरपासून लागवड सुरू करीन, आणि गुन्हा दाखल झाला तर जबाबदारी प्रशासनाची राहील, असं त्याने लिहिलं होतं. जिल्हा प्रशासनाने अर्ज पोलिसांकडे पाठवला आणि पोलिसांनी तो प्रसिद्धीसाठी केलेला प्रकार ठरवला.

बातमी वाचून लोक हसले. आपल्या चाळीसगावातही कापसाचा भाव पडला की चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणतंच, 'आता गांजाच लावतो.' सगळे हसतात आणि विषय संपतो. पण त्या अर्जात दोन खरे प्रश्न दडलेले आहेत. पहिला म्हणजे, असा परवाना कुणी देऊ शकतं का? जिल्हाधिकारी, तहसीलदार, ग्रामपंचायत, की आणखी कुणी? दुसरा प्रश्न असा, की जगात काही ठिकाणी गांजाची दुकानं नगरपालिकेच्या परवान्याने चालतात असं आपण ऐकतो, मग तिथे तो कारभार कसा चालतो आणि आपल्याकडे का चालत नाही? पहिल्या प्रश्नाचं चुकीचं उत्तर मनात धरून कुणी बी पेरलं तर त्याची किंमत दहा वर्षांच्या सक्तमजुरीपर्यंत जाते. म्हणून हा विषय थट्टेवर न नेता नीट समजून घ्यायला हवा.

एक झाड, अनेक नावं

सुरुवात झाडापासून करू. आपल्याकडे बांधावर अंबाडी लावतात. तिच्या पानाची भाजी होते आणि सालीचे दोर वळतात. या अंबाडीचं शास्त्रीय नाव 'हिबिस्कस कॅनाबिनस' असं आहे. त्यातलं 'कॅनाबिनस' आलं ते तिचं पान भांगेच्या, म्हणजे 'कॅनाबिस'च्या पानासारखं दिसतं म्हणून. अंबाडीचा आणि गांजाचा संबंध एवढाच. अंबाडीत नशा नाही आणि तिला कुठलाही परवाना लागत नाही.

खऱ्या भांगेच्या झाडात नर आणि मादी वेगवेगळे असतात. मादी झाडाच्या शेंड्याला जे चिकट फुलोरे येतात तो गांजा. त्या झाडाची राळ काढली की चरस होतो. नुसती पानं वाटून जी करतात ती भांग. बियांत नशा जवळजवळ नसते, त्यांचं तेल निघतं. खोडाच्या सालीपासून चिवट धागा मिळतो. दोर, गोणपाट, कापड, कागद असं सगळं त्यापासून होतं. नशा आणणारा मुख्य घटक टीएचसी या नावाने ओळखला जातो आणि तो सर्वांत जास्त फुलोऱ्यात असतो.

कायद्याने ही विभागणी जशीच्या तशी उचलली आहे. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यात, ज्याला कोर्टकचेरीत सगळे 'एनडीपीएस' म्हणतात, गांजा म्हणजे फुलोरा किंवा फळं आलेले शेंडे, अशी व्याख्या आहे. बी आणि पानं शेंड्यांबरोबर नसतील तर ती गांजात मोडत नाहीत. हा फरक दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. पकडलेल्या मालाचं वजन किती धरायचं यावर आरोपीचं पुढचं आयुष्य ठरतं. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जात याच मुद्द्यावर बोट ठेवलं होतं. जप्त केलेल्या हिरव्या पाल्यात फुलोरा होता की नव्हता, हे पाहावं लागतं.

सरकार स्वतः परवाने देत होतं तेव्हा

आज ज्याच्यावर बंदी आहे, ते पीक आपल्या शेजारीच कधीकाळी सरकारी देखरेखीखाली निघत होतं, हे अनेकांना ठाऊक नसतं. भुसावळहून रेल्वेने निघालं की बऱ्हाणपूर मागे टाकून खांडवा लागतं. इंग्रजी अमदानीत मध्य प्रांतातली गांजाची लागवड याच खांडव्याच्या परिसरात एकवटलेली होती. बंगालमध्ये राजशाही जिल्ह्यातलं नौगाव हे तसंच केंद्र होतं.

नौगावची पद्धत पाहिली तर परवान्याची व्यवस्था म्हणजे काय ते कळतं. शेतकऱ्याला लागवडीचा परवाना क्षेत्र लिहून मिळे. पीक उभं असताना जाणकार माणूस शेतात फिरून नर झाडं उपटून टाकी, कारण नराचा पराग लागला की मादीचे शेंडे बियांनी भरतात आणि माल हलका होतो. या जाणकाराला 'पोद्दार' किंवा 'परखदार' म्हणत. माल तयार झाला की तो वजन करून सरकारी देखरेखीच्या गोदामात जाई. घाऊक व्यापारी परवाना दाखवून तिथून माल उचले, आणि उचलताना वजनावर कर भरी. किरकोळ विक्रीची दुकानं वेगळी, त्यांचे परवाने वेगळे. म्हणजे शेत, गोदाम, घाऊक आणि किरकोळ अशा चार पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरीवर कागद होता.

मुंबई इलाख्यात, म्हणजे ज्यात तेव्हाचा खानदेश जिल्हा येत होता, १८७८ च्या अबकारी कायद्याखाली हा व्यवहार चाले. इथे किरकोळ विक्रीचा मक्ता लिलावाने देण्यावर भर होता. सगळ्यांत जास्त बोली त्याचं दुकान. अशा पद्धतीत एक दोष आपोआप येतो. मक्ता घेतलेल्याला पैसे वसूल करायचे असतात, म्हणून खप वाढवण्याकडे त्याचा कल असतो. वजनावर ठरावीक कर असेल तर खप जसा वाढेल तसा करही वाढतो आणि वस्तू महाग राहते. ही गोष्ट आजच्या परवाना पद्धतीलाही लागू आहे.

१८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात भारतातल्या गांजाबद्दल प्रश्न उपस्थित झाला आणि सरकारने चौकशी आयोग नेमला. 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' या नावाने तो प्रसिद्ध आहे. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. आयोगाने १,१९३ साक्षीदारांचं म्हणणं नोंदवलं आणि १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल दिला. माफक सेवनाने फारसा अपाय होत नाही, अतिसेवन घातक आहे, सरसकट बंदी घालण्याऐवजी लागवडीवर परवाना, मालावर कर, दुकानांच्या संख्येवर आणि जवळ बाळगण्याच्या प्रमाणावर मर्यादा घालावी, असा त्याचा निष्कर्ष होता. आयोगातल्या राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद या दोन भारतीय सदस्यांनी मात्र वेगळं मत नोंदवलं होतं.

या आयोगाच्या प्रश्नावलीत एक प्रश्न असा होता की, एखाद्या ठिकाणी दुकान उघडण्यापूर्वी तिथल्या लोकांची इच्छा विचारात घेतली जाते का, कशी घेतली जाते, आणि घ्यावी का? सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी, परक्या सरकारने, गांजाच्या दुकानाबाबत विचारलेला हा प्रश्न आहे. आपल्या आजच्या विषयाचं बीज त्यातच आहे.

नौगावला पुढे १९१७ मध्ये गांजा उत्पादकांची सहकारी संस्था स्थापन झाली. शेतकऱ्याचा माल एकत्र घेऊन विकायचा, अडत्याची मधली कमाई वाचवायची आणि नफ्यातून शाळा-दवाखाने चालवायचे, असं तिचं काम होतं. सूतगिरण्या, दूध संघ आणि साखर कारखाने पाहिलेल्या आपल्या माणसाला हे चित्र अनोळखी वाटायचं नाही. पुढे तो भाग बांगलादेशात गेला आणि १९८७ मध्ये तिथली लागवड बंद झाली.

बंदी आली कशी?

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने मादक पदार्थांच्या सेवनाला आळा घालण्याचं धोरण राज्यांपुढे ठेवलं. मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदी कायदा केला आणि त्यात दारूबरोबर गांजा-भांगही आली. दुसरीकडे १९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने अंमली पदार्थांविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने त्यात अशी सवलत मिळवली की पानं या व्याख्येबाहेर राहतील आणि गांजाचा पारंपरिक वापर बंद करायला २५ वर्षांची मुदत मिळेल. करार १९६४ च्या डिसेंबरात अमलात आला, म्हणजे ही मुदत १९८९ ला संपणार होती. त्याआधीच, १४ नोव्हेंबर १९८५ पासून एनडीपीएस कायदा लागू झाला.

या कायद्यातली चार-पाच कलमं सामान्य माणसाने लक्षात ठेवावीत अशी आहेत. आठवं कलम लागवड, उत्पादन, जवळ बाळगणं, विक्री, वाहतूक, सेवन अशा सगळ्यांवर बंदी घालतं. वैद्यकीय आणि शास्त्रीय कारणांसाठी, नियमाप्रमाणे घेतलेल्या परवान्याने, एवढाच अपवाद. दहावं कलम राज्य सरकारला नियम करून अशी लागवड आणि व्यवहार यांना परवानगी देण्याचा अधिकार देतं. चरस त्यातून वगळलेला आहे. चौदावं कलम धागा किंवा बी मिळवण्यासारख्या औद्योगिक कारणासाठी लागवडीला मुभा देण्याचा अधिकार सरकारला देतं.

आता सोलापूरच्या अर्जाचं उत्तर मिळतं. परवानगी देण्याचा अधिकार सरकारचा आहे आणि तोही नियम करून किंवा आदेश काढून. असे नियम नसताना जिल्हाधिकारी एखाद्याच्या अर्जावर 'मंजूर' असा शेरा मारू शकत नाहीत. मुदत घालून 'उत्तर आलं नाही म्हणजे होकार' असं धरण्याची सोय या कायद्यात नाही. पिठाची गिरणी, हॉटेल, वीटभट्टी यांना ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला लागतो आणि उपयोगी पडतो. गांजाच्या बाबतीत त्या दाखल्याची किंमत शून्य. उलट असा दाखला देणारा सरपंचच अडचणीत येईल.

कारण सत्तेचाळिसावं कलम. सरकारी अधिकारी, पंच, सरपंच आणि गावातले इतर अधिकारी यांना आपल्या हद्दीत गांजाची बेकायदा लागवड असल्याचं कळलं, तर त्यांनी ताबडतोब पोलिसांना किंवा संबंधित खात्याला कळवलं पाहिजे. कळवण्यात कुचराई केली तर तेही शिक्षेला पात्र. शेचाळिसावं कलम जमीनमालकावर हीच जबाबदारी टाकतं. शेत बटाईने दिलंय, मी गावाला राहतो, हे म्हणणं जाणूनबुजून डोळेझाक केली असेल तर चालत नाही. पंचविसावं कलम घर, दुकान, आवार, वाहन अशा कामाला जाणूनबुजून वापरू देणाऱ्याला मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा सांगतं. चाळीसगावसारख्या गावाने हे कलम विशेष लक्षात ठेवावं. मुंबई-भुसावळ रेल्वेमार्ग, धुळ्याचा फाटा आणि कन्नड घाटातून मराठवाड्यात जाणारा रस्ता अशी इथे तिहेरी वाट आहे. गाडीभाडं घेताना, खोली भाड्याने देताना, गोदाम वापरायला देताना आत काय आहे हे विचारण्यात संकोच नको.

शिक्षेचं गणित असं आहे. लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. इथे झाडं दहा की हजार, असा भेद कलमात नाही. जवळ बाळगलेला गांजा एक किलोपर्यंत असेल तर 'अल्प प्रमाण', त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वीस किलोच्या वर गेला की 'व्यापारी प्रमाण', त्याला किमान दहा आणि जास्तीत जास्त वीस वर्षं सक्तमजुरी, शिवाय एक ते दोन लाख दंड. मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत. व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यात जामीन मिळणंही अतिशय अवघड, कारण आरोपी निर्दोष असावा असं मानायला सबळ कारण आहे, अशी खात्री न्यायालयाला आधी पटावी लागते.

शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी कापूस आणि तुरीच्या आड लावलेला गांजा पोलिसांनी उपटून जाळल्याच्या बातम्या वरचेवर येतात. बातमीत किलो आणि लाखांचे आकडे असतात. ज्याच्या नावावर शेत आहे किंवा जो राखणीला होता, त्याच्या घरी पुढे काय झालं ते बातमीत नसतं. बी पुरवणारा आणि माल उचलणारा क्वचितच त्या शेतात सापडतो. सापडतो तो पाणी भरणारा.

नदीच्या अलीकडे गुन्हा, पलीकडे दुकान

पानं व्याख्येबाहेर राहिल्यामुळे भांग हा विषय राज्यांकडे आला. घटनेच्या राज्यसूचीत दारूबरोबर अफू आणि भांग-गांजावर उत्पादन शुल्क लावण्याचा अधिकार राज्यांना आहेच. उत्तर प्रदेश, राजस्थान आणि मध्य प्रदेशात भांगेची सरकारमान्य दुकानं आहेत. गुजरातने २०१७ मध्ये आपल्या दारूबंदी कायद्याच्या मादक पदार्थांतून भांग वगळली. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय भांग तयार करणं, बाळगणं आणि सेवन करणं हा दारूबंदी कायद्याच्या ६६ व्या कलमाखाली गुन्हा आहे.

याचा परिणाम असा, की सेंधव्याहून आग्रा रोडने पळासनेर ओलांडून शिरपूरकडे येणाऱ्या माणसाच्या पिशवीतली तीच पुडी सीमेच्या एका बाजूला खरेदी असते आणि दुसऱ्या बाजूला गुन्हा. उज्जैनहून महाशिवरात्री करून परतणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आयुर्वेदात भांगेला 'विजया' म्हणतात आणि काही औषधांत ती वापरली जाते. त्यासाठी औषध कायद्याखालचा उत्पादन परवाना लागतो. आपल्या राज्यात तो अन्न व औषध प्रशासन देतं. भांग त्या कायद्याच्या विषारी द्रव्यांच्या यादीत असल्याने वैद्याच्या देखरेखीखालीच औषध घ्यावं असा इशारा वेष्टनावर असावा लागतो. बियांचं तसं नाही. २०२१ मध्ये केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने हेम्पचं बी, त्याचं तेल आणि पीठ यांना ठरावीक मर्यादेत खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली.

परदेशात नगरपालिका काय करते?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात २०१६ च्या नोव्हेंबरात मतदारांनी कौल दिला आणि १ जानेवारी २०१८ पासून प्रौढांसाठी गांजाची परवानाधारक विक्री सुरू झाली. तिथली व्यवस्था दुहेरी आहे. राज्याचा परवाना हवाच, पण शहराची किंवा काउंटीची मंजुरी नसेल तर धंदा चालत नाही. दुकान कुठल्या भागात, शाळेपासून किती अंतरावर, किती वाजेपर्यंत, एका शहरात एकूण किती, कॅमेरे कुठे, वास बाहेर जाऊ नये म्हणून काय सोय, हे सगळं स्थानिक पातळीवर ठरतं. राज्याने शाळेपासून ६०० फुटांचं अंतर सांगितलं आहे, पण स्थानिक संस्था ते बदलू शकते. आपल्याकडे तंबाखू विक्रीला २००३ च्या कायद्याने शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्ड, म्हणजे ३०० फूट अंतर ठेवलं आहे. आपल्या शाळांच्या फाटकांपाशी ते किती पाळलं जातं ते प्रत्येकाने जाऊन पाहावं.

कॅलिफोर्नियात मतदारांनी राज्यपातळीवर होकार दिला, तरी निम्म्याहून अधिक शहरांनी आणि काउंट्यांनी आपल्या हद्दीत दुकानांना परवानगी दिलेली नाही. म्हणजे 'असू दे, पण आमच्या गल्लीत नको'. परिणामी जिथे दुकान नाही तिथे चोरटा व्यापार टिकून राहिला. जिथे आहे तिथे राज्याचा कर, शहराचा कर, तपासणीचा खर्च असं सगळं मिळून कायदेशीर माल महाग पडतो आणि चोरटा स्वस्त. परवाना दिला की चोरटा धंदा आपोआप संपतो, हा समज तिथे खरा ठरला नाही.

नेदरलँड्समध्ये वेगळीच गंमत झाली. १९७० च्या दशकापासून तिथे 'कॉफी शॉप' नावाच्या दुकानांतून थोडा गांजा विकू दिला जातो. गिऱ्हाइकाला एका वेळी पाच ग्रॅम, दुकानात साठा पाचशे ग्रॅम. दुकान असू द्यायचं की नाही हे नगरपालिका ठरवते आणि बहुतेक नगरपालिकांत एकही दुकान नाही. पण दुकानदाराने माल आणायचा कुठून, हे कायद्याने सांगितलंच नव्हतं. पुढच्या दाराने विक्री चालायची आणि मागच्या दाराने चोरटा माल यायचा. अनेक दशकं हे चाललं. शेवटी २०२३ च्या डिसेंबरपासून काही शहरांत परवानाधारक शेतकऱ्यांकडूनच माल घेण्याचा प्रयोग सुरू झाला. नौगावच्या चार पायऱ्यांतली पहिली पायरी विसरली की काय होतं, त्याचं हे उदाहरण.

आपली आडवी बाटली

स्थानिक लोकांनी नशेच्या धंद्याला हो किंवा नाही म्हणायचं, ही कल्पना शिकायला आपल्याला परदेशात जायची गरज नाही. महाराष्ट्रातल्या बायाबापड्यांनी ती कधीच राबवून दाखवली आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी निवेदन दिलं की सह्यांची पडताळणी होते आणि दारूच्या दुकानाबाबत गुप्त मतदान घेतात. मतपत्रिकेवर एक बाटली उभी, एक आडवी. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. झालेल्या मतांच्या निम्मे नव्हे, एकूण मतदारांच्या निम्मे, ही अट कडक आहे. म्हणून मजुरीला बाहेरगावी गेलेल्या बायकांना त्या दिवसासाठी परत आणावं लागतं. अनेक गावांनी तेही केलं आहे.

आदिवासी भागात हा अधिकार आणखी पुढे जातो. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना आणि पंचायतींना कुठल्याही मादक पदार्थाची विक्री आणि सेवन यांवर बंदी घालण्याचा, नियंत्रण ठेवण्याचा अधिकार द्यावा असं सांगितलं. आपल्या खानदेशात चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री या तालुक्यांतली गावं आणि नंदुरबारचा मोठा भाग यात येतो. ज्या पट्ट्यात गांजाची शेतं सापडतात, त्याच पट्ट्यातल्या ग्रामसभांच्या हातात हा अधिकार आहे. तो वापरायचा तर गावाला माहिती हवी आणि पाठीशी पोलीस हवेत. नुसतं सत्तेचाळिसावं कलम दाखवून सरपंचाला धाक घालण्याने काम भागत नाही. टोळीची माणसं गावात असताना फोन करणाऱ्या सरपंचाच्या जिवाची काळजी कोण घेणार, हाही प्रश्न आहे.

हेम्पच्या नावाने कुणी दारात आलं तर

अलीकडे 'हेम्प' हा शब्द शेतकऱ्यांच्या कानावर पडू लागला आहे. ज्या वाणात टीएचसी नगण्य असतं, त्याला औद्योगिक हेम्प म्हणतात. ०.३ टक्क्यांची रेघ बहुतेक ठिकाणी मानली जाते. उत्तराखंडने याच मर्यादेत लागवडीचं धोरण आखलं आणि २०१८ मध्ये पहिला परवाना दिला. हिमाचल प्रदेशने २०२५ च्या जानेवारीत पालमपूर आणि नौणी इथल्या विद्यापीठांमार्फत प्रायोगिक अभ्यासाला मंजुरी दिली. महाराष्ट्रात सर्वसामान्य शेतकऱ्याला अशी लागवड करू देणारी व्यवस्था उभी राहिलेली नाही.

उद्या ती झाली तरी पीक सोपं नाही. भांगेचा पराग वाऱ्यावर दूर जातो, त्यामुळे आजूबाजूला चोरटा गांजा असेल तर शेतातल्या बियाण्याची शुद्धता बिघडते. पीक तपासणीत रेघेच्या वर गेलं तर जाळावं लागतं, आणि बी, पाणी, मजुरी सगळी वाया. धागा काढायला गिरणी जवळ हवी. नाहीतर खोडांचा ढीग कुणाला विकणार? कापसाला जिनिंग आहे, केळीला व्यापारी बांधावर येतो. तशी साखळी आधी, पीक नंतर.

म्हणून कुणी करारशेतीचा कागद घेऊन आला, कंपनीचं बी देतो, माल आम्हीच उचलू, परवान्याचं आम्ही बघतो असं म्हणाला, तर आपल्या अहिराणीत सांगायचं, 'पहिले कागद दखाड, मंग बियानं दे.' राज्य सरकारचा कोणता नियम किंवा आदेश, कोणत्या तारखेचा? परवाना कंपनीच्या नावाने की शेतकऱ्याच्या? त्यात गट नंबर आणि क्षेत्र लिहिलेलं आहे का? पीक मर्यादेबाहेर गेलं तर नुकसान कुणाचं? या चार प्रश्नांची उत्तरं कागदावर मिळाली नाहीत तर बी घरात सुद्धा ठेवू नये. आणि तो कागद कृषी अधिकाऱ्याला आणि ओळखीच्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये.

शेवटचा शब्द गावाचा

जगाचं मत बदलतं आहे हे खरं. २०२० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थ आयोगाने गांजाला सर्वांत घातक पदार्थांच्या यादीतून काढलं, तेव्हा २७ विरुद्ध २५ मतांनी ठराव झाला आणि भारताने बाजूने मत दिलं. गांजा नियंत्रणाखालीच राहिला, पण औषधी उपयोगाचा मार्ग थोडा रुंदावला. कधीतरी आपल्या राज्यातही धाग्यासाठी किंवा औषधासाठी लागवडीची चर्चा सुरू होईल. त्या वेळी सोलापूरच्या त्या शेतकऱ्याचा अर्ज आठवावा. त्याला हवा होता तो पिकाला भाव. तो कापसाला आणि उसाला मिळाला असता तर त्याने असा अर्ज केला नसता. भावाचा प्रश्न परवान्याने सुटत नाही. नव्या पिकालाही बाजार लागतोच आणि बाजार पडला की तोच शेतकरी पुन्हा कर्जात जातो.

आणि परवान्याची व्यवस्था कधी आलीच, तर १८९३ च्या प्रश्नावलीतला तो प्रश्न पहिल्या पानावर असावा. शेत किती, गोदाम कुणाच्या ताब्यात, कर वजनावर की लिलावावर, हे मुंबईत ठरेल. पण दुकान आपल्या गल्लीत असावं का, शेत आपल्या शिवारात असावं का, हे गावाने ठरवावं, आणि त्या मतदानात घरातल्या बाईचं मत पूर्ण मोजलं जावं. नशेची किंमत सगळ्यांत आधी तिच्या चुलीपाशी वसूल होते. आडव्या बाटलीच्या वेळी महाराष्ट्राने हे ओळखलं होतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)